भाडेकरूची खातरजमा: काही रूढ गैरसमज

कोथरूड, औंध, बाणेर अशा पुण्याच्या उपनगरांतून आज असे पुष्कळ फ्लॅट आहेत, की ज्यांचे मालक न्यू जर्सीत किंवा मेलबर्नला नांदतात आणि ज्यांच्या किल्ल्या, महावितरणची बिले, सोसायटीच्या पावत्या व गळक्या नळांच्या तक्रारी हे सारे लिगाड मुखत्यारपत्राच्या आधारे एखाद्या प्रॉपर्टी मॅनेजरच्या गळ्यात पडलेले असते. माझ्या मेहुण्याच्या अशाच एका फ्लॅटच्या निमित्ताने एका वयस्क मॅनेजरांच्या कार्यालयात मला वारंवार बसावे लागले, आणि भाडेकरू पारखण्याविषयी जे समज मी वर्षानुवर्षे निष्ठेने बाळगले होते, त्यांतले निम्मेअधिक त्यांच्या समोरच्या लाकडी खुर्चीवरच मला सोडून द्यावे लागले.

त्यांतला सर्वांत चिवट समज हा, की भाडेकरू बारा वर्षे टिकला म्हणजे घर त्याच्या नावावर चढते, सबब तो कितीही सालस असला तरी अकरा महिन्यांनी त्याला हलवावे. १९६३ च्या मुदतीच्या कायद्यात बारा वर्षांचा उल्लेख आहे खरा; पण मालकाचा हक्क उघडपणे नाकारून जो जागेची वहिवाट करतो, त्याच्यासंबंधी तो आहे. परवानगीने आत आलेल्या आणि दरमहा भाडे मोजणाऱ्या इसमाचा ताबा हा मालकाच्या संमतीचाच ताबा ठरतो, आणि ज्याच्याकडून जागा घेतली त्याचीच मालकी नाकारण्यास पुराव्याचा कायदा त्याला मज्जाव करतो. तथापि ही भीती हवेतून आलेली नाही. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्यात पुढे जी दुरुस्ती झाली, तिने १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू परवान्यावर जागेत राहणाऱ्यांना संरक्षित भाडेकरूंचा दर्जा बहाल केला. काल ज्यास विश्वासाने ठेवून घेतले तो आज कूळ झाला, हा अनुभव मुंबई-पुण्याच्या एका पिढीने घेतला, आणि ती धास्ती घराच्या कागदपत्रांबरोबर पुढच्या पिढीकडे वारसाने आली.

३१ मार्च २००० पासून अंमलात आलेल्या १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने हे चित्र पालटले. राहण्यासाठी दिलेल्या जागेच्या लिव्ह अँड लायसन्स कराराची मुदत संपूनही जो जागा सोडीत नाही, त्याच्याविरुद्ध कलम २४ अन्वये सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि मुदतीनंतर तो जितका काळ राहील तितक्या काळासाठी ठरल्या भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. व्यवहारात याला महिने लागतात, हे मी नाकारीत नाही. परंतु महिने लागणे निराळे आणि घर जाणे निराळे.

अकरा महिन्यांचे गौडबंगालही असेच. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची, म्हणून ती चुकविण्यासाठी ही पळवाट निघाली. महाराष्ट्रात मात्र १९९९ च्याच भाडेनियंत्रण कायद्याच्या कलम ५५ ने ती बुजविली आहे, कारण येथे करार अकरा महिन्यांचा असो वा पाच, तो लेखी आणि नोंदलेला असलाच पाहिजे, आणि ती जबाबदारी सर्वस्वी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींविषयी भाडेकरू सांगेल ते, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते; शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. खर्चाची ओरड करावी, तर २०,००० रुपये भाडे, ६०,००० रुपये अनामत आणि अकरा महिने मुदत अशा करारावर पाव टक्क्याच्या दराने मुद्रांक शुल्क सहाशेच्या आसपास येते आणि शहरी हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. एवढे वाचविण्यासाठी स्टँपपेपरवर नोटरीचा शिक्का मारून समाधान मानणारे सुशिक्षित लोक पाहिले, की मला अचंबा वाटतो.

पोलीस व्हेरिफिकेशनविषयी थोडक्यात सांगतो. ठाण्याची पोच हाती आली म्हणजे भाडेकरूच्या सदाचरणावर सरकारी मोहोर उमटली, असे मानणारे मालक आजही भेटतात. वास्तविक मालक तेथे केवळ माहिती दाखल करतो: नाव, छायाचित्र, मूळ पत्ता, नोकरीचे ठिकाण. पोलीस आयुक्तांचा तसा आदेश जारी असेल तेथे हे मालकाचे कर्तव्य असते, आणि कसूर झाल्यास गुन्हा मालकावरच नोंदला जातो. चारित्र्य पडताळणीचा दाखला ही स्वतंत्र बाब असून त्यासाठी ज्याचा त्याने अर्ज करावयाचा असतो.

मग पारख होते कशाने? मेहुण्याच्या फ्लॅटसाठी हिंजवडीत नोकरी करणारा एक तरुण सपत्नीक आला होता. त्याने मोठ्या विश्वासाने पुढे केलेले पगारपत्रक मॅनेजरांनी बाजूला ठेवले आणि बँकेचे वर्षभराचे स्टेटमेंट मागितले. कागदावरचे आकडे हल्ली घरबसल्या बदलता येतात, म्हणून मोबाइलवर बँकेचे ॲपही समोरच उघडावयास लावले. मग पेन्सिलीचे टोक एकेका ओळीवरून उतरू लागले. पगार ६४,०००, गाडीचा हप्ता ९,०००, लातूरला घरी १०,०००, भाडे महिन्याच्या ४ तारखेला, ५ ला, ३ ला, पुन्हा ५ ला, आणि ऑगस्टमध्ये एकदम १९ ला. पेन्सील तेथे थांबली.

“ऑगस्टमध्ये काय झालं?”

“वडिलांची बायपास होती, काका. पण मालकांना आधी कळवलं होतं.” त्याने मेसेज दाखविला, तो २ तारखेचा होता.

मॅनेजरांनी समासात बारीक अक्षरांत ‘२’ हा आकडा लिहिला, १९ नव्हे.

सिबिल स्कोअर पाहिला की पुरे, असेही आजकाल ऐकू येते. ३०० ते ९०० च्या दरम्यानचा तो आकडा कर्जे आणि क्रेडिट कार्डे यांच्या परतफेडीवरून काढतात. ज्याने कधी कर्जच घेतले नाही त्याच्याविषयी तो मौन पाळतो, आणि मालकाला तो परस्पर पाहताही येत नाही, उमेदवारानेच आपला अहवाल काढून आणावा लागतो.

‘फक्त फॅमिलीसाठी’ ही पाटी मात्र अधिक विचार करण्याजोगी आहे. अविवाहित, परप्रांतीय, परधर्मीय, मांसाहारी हे सारे जणू भाडे बुडविण्याचेच प्रकार आहेत, अशा थाटात आमच्याकडे चौकशी चालते. खासगी भाडेव्यवहारातील भेदभावाला स्पष्ट मनाई करणारा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही, हे खरे. पण कायद्याने अडविले नाही एवढ्याने एखादी कसोटी उपयोगाची ठरत नाही. मॅनेजरांच्या जाड वहीत भाड्याची तारीख, रक्कम, उशिराचे कारण, दुरुस्त्या असे रकाने होते. जातीचा नव्हता, लग्नाचाही नव्हता. मी त्याविषयी विचारले तेव्हा ते एवढेच म्हणाले, “लिहून बघितलं होतं एकदा. कशाला कामाला आलं नाही.”

भरभक्कम अनामतीवर विसंबणारे मालक दुसऱ्या टोकाला असतात. अनामत म्हणजे झालेल्या नुकसानीची मर्यादित भरपाई. नियमितपणा तिने विकत मिळत नाही, आणि एकरकमी सहा महिन्यांची रक्कम मोजू शकणारा मनुष्य दरमहा वेळेवर मोजीलच असे नाही.

एक गैरसमज खुद्द मॅनेजरांच्या व्यवसायाविषयीही आहे. रेरा कायद्याखाली होणारी एजंटांची नोंदणी विक्रीच्या व्यवहारांपुरती असते. भाड्याची घरे सांभाळणाऱ्याला तिची गरज नाही, त्यामुळे कोणीही उठून तशी पाटी लावू शकतो. दलालाची दलाली, बहुधा एका महिन्याच्या भाड्याइतकी, किल्ली सोपविली की संपते, आणि तिच्याबरोबर त्याची आस्थाही. मॅनेजरचा मेहनताना महिन्यागणिक येतो, म्हणून वाईट निवडीचा त्रास त्यालाच भोगावा लागतो.

त्या तरुणाच्या पूर्वीच्या मालकांना फोन लावताना हा फरक मला स्पष्ट दिसला. सध्याचा मालक नको असलेल्या भाडेकरूची तोंडभर स्तुती करून त्याला वाटेला लावू शकतो, म्हणून मॅनेजरांनी त्याच्या आधीच्याचा क्रमांक घेतला आणि नाव जुन्या नोंदणीकृत करारावरील नावाशी ताडून पाहिले. मालक म्हणून एखादा मित्रच उभा केलेला नाही ना, याची त्यांची युक्ती तर फारच साधी होती. “भाडं अठरा हजार होतं ना?” त्यांनी सहज विचारले. पलीकडून तत्काळ उत्तर आले, “अठरा कुठलं? एकोणीस पाचशे!” मॅनेजर हसले. मग मुलगा कसा होता वगैरे न विचारता, अनामतीतून किती कापले एवढेच विचारले. “गीझरचे साडेसातशे. बिघडलाय हे त्यानंच सांगितलं होतं.”

रात्री मेहुण्याला फोन लावला. त्याचा पहिला प्रश्न आडनावाचा होता. मॅनेजरांनी चष्मा चढविला, स्टेटमेंट जवळ ओढले आणि शांतपणे तारखा वाचावयास सुरुवात केली.