पद्मिनीत निस्सानचं इंजिन: बसेल हो, पण पासिंगला काय सांगाल?

ज्यांना कानात हेडफोन घालायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून टाकतोय. बोलतानाचे "म्हणजे", "ते काय ते" काढलेत, बाकी जसं बोललो तसंच आहे.

इंदापूर बाजूच्या एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. आजोबांची १९७५ ची प्रीमियर पद्मिनी गोठ्याशेजारच्या शेडमध्ये उभी आहे. इंजिन धूर काढतं, चढाला दम लागतो. एका भंगारवाल्याकडे ११८ एनईचं इंजिन गिअरबॉक्ससकट मिळतंय. मामांच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंग मशीन आहे, चेन कप्पी आहे. "दादा, दोन रविवारात होईल का?"

उत्तराआधी एक गंमत सांगतो, कारण हा प्रश्न इंदापुरातून आलाय. तालुक्यातलं वालचंदनगर ज्यांच्या नावाने वसलं, त्या वालचंद हिराचंद यांनीच १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. म्हणजे साखर कारखानाही त्यांचा आणि पद्मिनी बनवणारी कंपनीही त्यांचीच. आणि पुढे याच प्रीमियरने स्वतः एक मोठा इंजिन-स्वॅप करून बाजारात विकला. १९८५ ची ११८ एनई. बॉडी इटलीच्या फियाट १२४ ची, तिचे डाय आले स्पेनच्या सेआट कंपनीकडून, आणि बॉनेटखाली जपानच्या निस्सानचं ए-१२, ११७१ सीसी. नावातलं एनई म्हणजे निस्सान इंजिनच! याच फियाट १२४ ची एक स्पोर्ट्स बहीण होती, १२४ स्पायडर, १९६६ ची, उघड्या टपाची. परदेशात अशा गाड्यांत घरच्या गॅरेजमध्ये दुसरं इंजिन घालणारे हौशी भरपूर आहेत. त्यांचे व्हिडिओ बघूनच आपल्याकडच्या पोरांच्या हाताला खाज सुटते, खोटं कशाला बोला.

आता कामाचं. पद्मिनीचं मूळ इंजिन १०८९ सीसीचं, ताकद चाळीस-बेचाळीस घोड्यांच्या आसपास. निस्सानचं बावन्न. फरक कागदावर छोटा दिसतो, पण एवढ्या हलक्या गाडीत तो जाणवतो. शिवाय दोन्ही गाड्यांची मांडणी एकच आहे: इंजिन पुढे, लांबीत उभं ठेवलेलं, आणि ओढ मागच्या चाकांना. म्हणूनच स्विफ्टचं इंजिन घालायची कल्पना सोडून द्या. ते आडवं बसतं आणि पुढची चाकं फिरवतं. लांबीत बसणारंच हवं असेल तर ११८ एनई, जिप्सी, ईको असल्या गाड्यांकडे बघावं लागतं.

इंजिन उचलून खाली ठेवणं हा सगळ्यात सोपा भाग. (कडुलिंबाच्या फांदीला कप्पी बांधू नका, लोखंडी तिपाई करा. दीड क्विंटलच्या आसपासचं वजन फांदीला विचारून पडत नाही.) खरी डोकेदुखी त्यानंतर.

पहिली अडचण चेंबरची, म्हणजे ऑइल पॅनची. खोलगट भाग क्रॉसमेंबरला किंवा स्टिअरिंगच्या दांड्यांना टेकतो का, हे आधी मोजायचं. टेकला की पोरं इंजिन वर उचलतात, मग बॉनेट लागत नाही, मग प्रोपेलरचा कोन बिघडतो. एका गोष्टीतून तीन गोष्टी.

मग फाउंडेशन. पद्मिनीला वेगळी चेसिस नाही, बॉडीच सगळं वजन पेलते. पन्नास वर्षांच्या गंजक्या पत्र्याला नवीन ब्रॅकेट वेल्ड केलं की सुरुवातीला छान वाटतं. सहा महिन्यांनी पत्राच फाटतो. ब्रॅकेट शक्य तितकं क्रॉसमेंबरला नटबोल्टने बसेल असं करा, रबर चांगल्या प्रतीचं घ्या.

गिअरबॉक्स निस्सानचाच घेतला तर एक मोठं संकट टळतं. जुना फियाटचा गिअरबॉक्स ठेवून मध्ये अॅडॉप्टर प्लेट करायची म्हटलं, तर क्रँकची आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टची मधली रेष एकच यायला हवी. फरक चालतो साधारण कागदाच्या जाडीएवढा, एक दशांश मिलिमीटर. लेथवर डायल गेज लावून हे करणारे लोक आहेत, पण "अंदाजाने बसवून देतो" म्हणणाऱ्याकडून उठून या. नाहीतर क्लच आणि बेअरिंग आळीपाळीने खात राहतील. मात्र निस्सानचा गिअरबॉक्स घेतला की स्टिअरिंगजवळचा गिअर दांडा गेला, कारण ११८ एनईचा गिअर फ्लोअरवर आहे. फ्लोअरला भोक पाडावं लागणार. प्रोपेलरची लांबी बदलणार, तो कापून पुन्हा बॅलन्स करावा लागणार. न बॅलन्स केलेला प्रोपेलर साठच्या पुढे सगळी गाडी हलवतो. आमच्या घरच्या जुन्या जीपमध्ये आम्ही हेच केलं होतं. वेल्डिंग सुंदर आलं, पण भिगवण रस्त्यावर आरसा इतका थरथरायचा की मागचं काहीच दिसायचं नाही. क्रॉस दोनदा बदलले, दोष प्रोपेलरचा होता.

इंजेक्शनवालं, म्हणजे जिप्सीच्या नंतरच्या मॉडेलचं इंजिन घेतलं तर आणखी पसारा. कार्बोरेटरला पेट्रोल अगदी हलक्या दाबाने चालतं. इंजेक्शनला साधारण तीन बारचा पंप, नवीन पाइप, परतीची लाइन, ईसीयू, सगळे सेन्सर लागतात. जुन्या गाडीच्या सुकलेल्या रबरी पाइपात तो दाब सोडणं म्हणजे बॉनेटखाली आगीला आमंत्रण. रेडिएटरही त्या इंजिनाच्या मापाचा घ्या.

आणि ब्रेक. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम. चाळीस घोड्यांसाठी ठीक होते. ऐंशी घोड्यांचं इंजिन घालून तेच ब्रेक ठेवायचे हे धाडस नाही, वेडेपणा आहे. ११८ एनई पर्यंत मी फारसं बोलणार नाही, त्यापुढे ब्रेकचं काम आधी आणि इंजिन नंतर.

इथपर्यंत ऐकून दादा म्हणेल, जमतंय की! जमतंय. अडतंय आरटीओत.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की गाडीत असा बदल करता येत नाही ज्याने आरसीवरची माहिती कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनशी जुळणार नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही केरळच्या एका प्रकरणात हेच ठणकावलं. त्याच मेकचं, त्याच टाइपचं इंजिन परवानगी घेऊन बदलता येतं. सीएनजी किंवा बॅटरीचं किट मंजूर असेल तर तोही रस्ता आहे. पण पद्मिनीत निस्सान? तो नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ए प्रमाणे मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. जुन्या गाडीचं पासिंग करायला बारामतीला, एमएच ४२ मध्ये गेलात, की इंजिन नंबर बघणारच. अपघात झाला तर इन्शुरन्सवालाही तोच नंबर आधी बघेल. भंगारातल्या इंजिनाचं बिल नसेल, तर ते चोरीच्या गाडीचं नाही हे सिद्ध करायची पाळी तुमच्यावर येते ती वेगळीच.

आणि या दादाच्या बाबतीत एक जास्तीची गोष्ट आहे, त्यासाठीच हा एपिसोड केला. गाडी १९७५ ची. म्हणजे पन्नाशी पार! जुलै २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. फी वीस हजार, नोंदणी दहा वर्षांची. रोजच्या वापराला चालत नाही, पण रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला काढता येते. अट एकच: चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. दादा, निस्सानचं इंजिन घातलंस की हा दरवाजा बंद. फ्लोअरला पाडलेलं भोकही त्यातच आलं.

माझं मत विचारशील तर मूळ इंजिन बांधून घे. आधी कॉम्प्रेशन बघ. चारपैकी एखाद्याच सिलिंडरचं कमी असेल, तर कदाचित हेडचं काम आणि व्हॉल्व्ह ग्राइंड करून भागेल. चारही पडले असतील तर बोअर, ओव्हरसाइझ पिस्टन, नवीन रिंग. धूर तिथेच थांबेल, आणि चढाला दम लागतो त्याचं निम्मं कारण बहुतेक घाण झालेला कार्बोरेटर आणि जळालेले पॉइंट असतील.

तरीही स्वॅपच करायचा असेल, तर तो फक्त आपल्या शेतात फिरवायच्या गाडीत कर, पद्मिनीत नको. आणि इंजिन खाली घेण्याआधी प्रत्येक पाइपचा, प्रत्येक वायरचा फोटो काढ, नटबोल्ट डब्यात घालून त्यावर नाव लिही. बांधतानाही हे लागतं, बदलतानाही. कॉम्प्रेशनचे आकडे आले की व्हॉइस मेसेज टाक, पुढच्या एपिसोडला त्यावरच बोलू.