हरणाऱ्या संघावर जीव का जडतो? न्यूयॉर्क मेट्सची पहिली वर्षं

मागच्या वेळी आपण थीसियसच्या जहाजापाशी थांबलो होतो. एकेक फळी बदलत गेली, जुनी एकही उरली नाही, मग जहाज तेच म्हणायचं का? आज त्याच्या शेजारचा प्रश्न घेऊ, आणि त्यासाठी जरा अनोळखी मैदानात, बेसबॉलच्या मैदानात जाऊ. घाबरू नका, खेळाचे नियम लागतील तेवढेच सांगू.

न्यूयॉर्कमध्ये १९५७ पर्यंत तीन मोठे संघ होते: यांकीज, जायंट्स आणि ब्रुकलिन डॉजर्स. त्या मोसमानंतर जायंट्स सॅन फ्रान्सिस्कोला गेले आणि डॉजर्स लॉस एंजेलिसला. खेळाडू तेच, मालक तेच, नावही तेच. जहाज शाबूत होतं, बंदर तेवढं मागे राहिलं. यांकीज होते की शहरात, असं कुणी म्हणेल. पण ते दुसऱ्या लीगमधले. आणि ज्यांना जन्मभर शत्रू मानलं त्यांच्या नावानं टाळ्या कशा वाजवणार? ब्रुकलिनच्या माणसाला ते जमणं कठीणच होतं.

मग विल्यम शे नावाच्या वकिलानं तिसरी लीग काढण्याची तयारी चालवली. त्या दबावापुढे नॅशनल लीग नमली आणि आठाचे दहा संघ झाले. ह्यूस्टनला एक मिळाला, न्यूयॉर्कला एक. लीग वाढवताना नव्यानं उभ्या केलेल्या अशा संघाला ‘एक्स्पान्शन टीम’ म्हणतात. न्यूयॉर्कच्या संघाचं नाव मेट्स. रंग बघा: निळा डॉजर्सचा, नारिंगी जायंट्सचा. मैदानही जायंट्सनी सोडून दिलेलं पोलो ग्राउंड्स. माणसं नवी आणि आठवण जुनी, असा सगळा प्रकार.

खेळाडू कुठून आणायचे? १० ऑक्टोबर १९६१ ला निवड झाली. जुन्या आठ संघांनी आपल्याला नको असलेल्यांच्या याद्या पुढे केल्या आणि त्यातून नव्यांनी निवडायचं, बहुतेक खेळाडूंचे प्रत्येकी पाऊण लाख डॉलर मोजून. म्हणजे दुसऱ्याच्या घरातली अडगळ, आणि तीही महागात! व्यवस्थापक म्हणून आणला केसी स्टेंगल. सत्तरी ओलांडलेला, यांकीजना सात वेळा जागतिक मालिका जिंकून दिलेला माणूस.

पहिला सामना ११ एप्रिल १९६२, सेंट लुईस. मेट्स ११-४ असे हरले. त्या सामन्यात मेट्सच्या इतिहासातला पहिला होम रन मारला गिल हॉजेसनं, जुन्या ब्रुकलिन डॉजर्सच्या लाडक्या खेळाडूनं. हे नाव लक्षात ठेवा. पहिले नऊ सामने हरल्यावर दहावा जिंकला, आणि मोसम संपला तेव्हा ४० विजय, १२० पराभव. विसाव्या शतकात इतके पराभव एका मोसमात दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आले नाहीत. २०२४ मध्ये शिकागो व्हाइट सॉक्सनी १२१ करून त्यांना या ओझ्यातून सोडवलं.

त्या वर्षातला एक क्षण अजून सांगितला जातो. १७ जून १९६२, समोर शिकागो कब्ज. मार्व्ह थ्रोनबेरीनं चेंडू लांब मारला आणि धावत तिसऱ्या बेसवर पोचला. नियम असा की वाटेतल्या प्रत्येक बेसला पाय लागला पाहिजे. आपल्या क्रिकेटमध्ये क्रीजला बॅट टेकवली नाही तर ‘शॉर्ट रन’ होतो. इथे सरळ बाद. पंचांनी सांगितलं, पहिल्या बेसला पाय लागलाच नाही. स्टेंगल भांडायला निघाला, तर त्याच्याच प्रशिक्षकानं त्याला अडवलं: दुसऱ्यालाही लागला नव्हता! पुढच्याच बॅटरनं होम रन मारला, तेव्हा स्टेंगल बाहेर येऊन त्याला एकेक बेस बोटानं दाखवू लागला. सामना मेट्स ८-७ असा, एका धावेनं हरले.

लोक हसले आणि पुन्हा आले. १९५७ मध्ये याच मैदानावर जायंट्सना वर्षभरात साडेसहा लाख प्रेक्षक मिळाले होते; १९६२ च्या या हरणाऱ्या संघाला नऊ लाखांवर. १९६४ मध्ये नवं शे स्टेडियम झालं, तेव्हा शेवटून पहिल्या मेट्सना सतरा लाख आणि त्याच वर्षी आपली लीग जिंकणाऱ्या यांकीजना तेरा लाख. प्रेम गुणांवर जडतं असं मानणाऱ्यांनी या आकड्यांचं काय करायचं ते ठरवावं.

पण आम्हाला इथे एक टोचणी आहे. अ‍ॅरिस्टॉटलनं हास्यास्पद म्हणजे काय ते सांगितलं आहे: जो दोष वेदना देत नाही, घात करत नाही, तो. ठीक. पण वेदना कुणाला? प्रेक्षकाला होत नसेल. रॉजर क्रेग या पिचरला १९६३ मध्ये सलग १८ पराभव पदरी घ्यावे लागले. त्यातले काही तर निव्वळ एका धावेचे, त्यानं चांगली गोलंदाजी करूनही. शेवटी त्यानं अंगावरचा आकडा बदलून तेरा घेतला, आणि ९ ऑगस्टला शेवटच्या डावात एका सहकाऱ्यानं मारलेल्या होम रननं ती मालिका तुटली. रिची अ‍ॅशबर्नचंही तसंच. १९६२ मध्ये तो संघातला सर्वोत्तम ठरला, सरासरी .३०६. आणि त्याच मोसमानंतर त्यानं खेळणं सोडलं. ‘बिचारे, किती गोड हरतात’ असं म्हणणारं प्रेम हे प्रेम खरं, पण ते समोरच्याला आहे तिथेच बसवून ठेवतं. आपल्या घरातल्या एखाद्या ‘वेंधळ्या’ मुलाचं काय होतं ते आठवा.

हे ज्याला मान्य नव्हतं तो हॉजेस. १९६८ मध्ये तो व्यवस्थापक म्हणून मेट्सकडे परत आला. त्या हसण्याच्या वर्षांत तो स्वतः मैदानात होता, बरं का. त्यामुळे त्याला बाहेरून कुणी सांगायची गरज नव्हती. पहिल्या वर्षी ७३ विजय मिळाले. पुढच्या वर्षी, ३० जुलै १९६९ ला, मेट्स घरच्या मैदानावर ह्यूस्टनकडून, आपल्याच जुळ्या भावाकडून, सपाटून मार खात होते. लेफ्ट फील्डला क्लिऑन जोन्स एका चेंडूमागे जोर लावून धावला नाही. जोन्स म्हणजे संघातला सर्वांत चांगला बॅटर. हॉजेस बाकावरून उठला, पिचरला ओलांडून सावकाश चालत थेट जोन्सपर्यंत गेला, आणि त्याला सोबत घेऊन चालतच परत आला. आरडाओरडा नाही, काही नाही. आमच्या मते मेट्सच्या पहिल्या आठ वर्षांतला सर्वांत महत्त्वाचा क्षण हाच, होम रन कितीही असोत. कारण ‘तू याहून चांगलं करू शकतोस’ असं या संघाला कुणीतरी गंभीरपणे सांगत होतं, तेही भर मैदानात.

ऑगस्टच्या मध्याला मेट्स कब्जच्या दहा सामने मागे होते. मोसम संपताना शंभर विजय झाले होते. १६ ऑक्टोबर १९६९ ला बाल्टिमोर ओरिओल्सना ४-१ असं हरवून त्यांनी जागतिक मालिका जिंकली, तेव्हा लोक मैदानात घुसले आणि हिरवळीचे तुकडे उपटून घरी घेऊन गेले.

आता ती फळ्यांची गोष्ट. १९६२ मध्ये मेट्सकडून खेळलेल्यांपैकी या मालिकेत एकच जण होता: एड क्रेनपूल. पहिल्या वर्षी मोसम संपता संपता आला तेव्हा वय सतरा. मालिकेच्या तिसऱ्या सामन्यात त्यानं होम रन मारला. आणि बाकावर हॉजेस होता.