रॅम भरलीय, म्हणून काय बिघडलं?

लिनक्सच्या सर्व्हरवर 'फ्री' ही कमांड दिली, की धडकी भरवणारा आकडा दिसतो: १६ जीबी रॅमपैकी जेमतेम ३०० एमबी मोकळी. नवखा माणूस इथेच घाबरतो आणि 'ड्रॉप कॅशेस' वापरून मेमरी 'साफ' करतो. ही सफाई दर तासाला आपोआप व्हावी, अशी सोय करून ठेवणारेही आहेत. हे थांबावे असे मला मनापासून वाटते, कारण त्याने यंत्र उलट मंदावते.

डिस्कवरून एकदा वाचलेली फाइल कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, रॅममध्येच ठेवून देतो, म्हणजे पुन्हा लागली तर डिस्कपर्यंत जायला नको. रॅममधून वाचायला साधारण शंभर नॅनोसेकंद लागतात. एसएसडीवरून त्याच्या शेकडो पट, फिरत्या हार्ड डिस्कवरून जवळजवळ लाख पट. एखाद्या प्रोग्रॅमला जागा लागली, की यातला बराचसा साठा कर्नल लगेच सोडून देतो. बराचसा म्हणायचे, कारण प्रोग्रॅमनी आपसात वाटून घेतलेली मेमरीही 'फ्री'च्या 'कॅश' रकान्यातच मोजली जाते आणि ती अशी टाकून देता येत नाही. म्हणून 'फ्री' आणि 'कॅश' यांची बेरीज करत न बसता 'अव्हेलेबल' हा रकाना पाहावा. तो अंदाज २०१४च्या ३.१४ आवृत्तीपासून कर्नल स्वतःच काढून देतो. 'ड्रॉप कॅशेस' चाचणी आणि दोषशोधनाखेरीज वापरू नये, असे तर कर्नलच्या माहितीपत्रकातच लिहिले आहे.

याहून चिवट समज स्वॅपचा, म्हणजे रॅममधली मेमरी तात्पुरती हलवून ठेवण्याच्या डिस्कवरच्या जागेचा: 'रॅम भरपूर आहे, स्वॅप बंदच करा.' तो चिवट आहे, कारण स्वॅपवर सतत ये-जा सुरू झाली की यंत्र खरोखरच रखडते. पण स्वॅप नसल्याने काय होते, हे फारसे कोणी पाहत नाही.

कर्नल मेमरीचे ४ केबीचे तुकडे पाडतो. त्या पेजना आपण पाने म्हणू. या पानांचे ढोबळमानाने दोन ढीग. एकात फाइलींची पाने, ज्यांची प्रत डिस्कवर असतेच. दुसऱ्यात प्रोग्रॅमने चालता चालता तयार केलेला डेटा, ज्याची प्रत कुठेच नाही. स्वॅप नसेल, तर दुसऱ्या ढिगातले काही बाहेर काढताच येत नाही. सुरुवातीला एकदा वापरलेला डेटा दिवसभर रॅम अडवून बसतो. ताण आला, की सगळी काटछाट फाइलींच्या ढिगातून होते आणि चालू प्रोग्रॅमचा कोडही त्याच ढिगात असतो. आत्ता टाकलेले पान पुढच्या क्षणी पुन्हा वाचावे लागते. स्वॅप नसतानाही डिस्कचा दिवा पेटून राहतो आणि माउस हलेनासा होतो, तो यामुळे.

कर्नलच्या सेटिंगमधले 'स्वॅपिनेस ६०' म्हणजे रॅम ६० टक्के भरल्यावर स्वॅप सुरू, असेही नाही. कुठल्या ढिगातून पान काढणे किती महाग धरायचे, एवढेच तो आकडा सांगतो; १०० म्हणजे दोन्ही सारखे. २०२०च्या ५.८ आवृत्तीपासून तो २००पर्यंत नेता येतो, कारण झेडरॅममध्ये स्वॅप रॅममध्येच दाबून ठेवलेला असतो आणि तो डिस्कपेक्षा स्वस्त पडतो.

आता मोठ्या पानांकडे. १६ जीबी रॅममध्ये ४ केबीची सुमारे ४२ लाख पाने होतात. कुठले पान कुठे आहे याच्या अलीकडच्या नोंदी प्रोसेसर टीएलबी नावाच्या छोट्या वहीत ठेवतो. इंटेलच्या स्कायलेकमध्ये या वहीच्या दुसऱ्या पातळीवर १,५३६ नोंदी मावतात, म्हणजे फक्त ६ एमबीचा पत्ता. पान २ एमबीचे केले, की तेवढ्याच नोंदींत ३ जीबी बसते. मग सरसकट मोठीच पाने का नकोत? २०११मध्ये २.६.३८ या आवृत्तीत ती आपोआप देण्याची सोय आली आणि लोकांना वाटले, वेग फुकट मिळाला.

रेडिस या डेटाबेसचे उदाहरण घ्या. डिस्कवर प्रत काढताना तो स्वतःची जुळी प्रक्रिया तयार करतो. दोघांची मेमरी सुरुवातीला एकच असते. मूळ प्रक्रियेने एखाद्या पानात लिहिले, की तेवढ्याच पानाची वेगळी नक्कल होते. २०२०च्या ५.८ आवृत्तीपूर्वी एक बाइट बदलण्यासाठी लहान पानात ४ केबी हलत, मोठ्या पानात २ एमबी, म्हणजे ५१२ पट. प्रतिसाद अडखळायचा, मेमरी फुगायची. म्हणून रेडिस ही सोय बंद ठेवायला सांगतो. मोठी कोष्टके सलग वाचणाऱ्या गणिती प्रोग्रॅमला मात्र तीच सोय मानवते. आपापल्या कामावर मोजून पाहिल्याशिवाय कोणाचाही सल्ला घेऊ नये, असे माझे मत आहे.

मोजायला साधनही आहे. २०१८च्या ४.२० आवृत्तीपासून 'प्रॉक' फोल्डरमधल्या 'प्रेशर'मध्ये 'मेमरी' नावाची फाइल मिळते. मेमरीची वाट पाहण्यात प्रक्रियांचा किती टक्के वेळ गेला, हे ती गेल्या १०, ६० आणि ३०० सेकंदांसाठी सांगते. तिथे शून्य दिसत असेल, तर 'फ्री'मधल्या ३०० एमबीसाठी नवी रॅम मागवू नका.