टाळ्या लिहून देता येत नाहीत

‘डब्ल्यूडब्ल्यूई म्हणजे नुरा कुस्ती. निकाल ठरलेला, मग लोकप्रियताही ठरवूनच दिलेली असणार,’ असं सर्रास ऐकू येतं. निकाल ठरलेला असतो, हे खरंच. पण कोणाच्या नावाने स्टेडियम दणाणायचं, ते प्रेक्षकच ठरवतात.

जानेवारी २०१४ मधली पिट्सबर्गची ‘रॉयल रम्बल’ आठवा. एकामागून एक उतरणाऱ्या तीस जणांच्या त्या लढतीत लाडका मल्ल डॅनियल ब्रायन येणार, अशी आशा लावून लोक बसले होते. शेवटच्या, तिसाव्या क्रमांकावर आला रे मिस्टेरिओ, आणि एरवी लाडक्या असलेल्या या गड्याचीही हुर्यो उडाली. त्याचा गुन्हा एवढाच, की तो ब्रायन नव्हता. विजेत्या बॅटिस्टालाही तोच प्रसाद मिळाला. अखेर कंपनीने बेत बदलला आणि ६ एप्रिलला न्यू ऑर्लिन्सला ‘रेसलमेनिया’ या कंपनीच्या सर्वात मोठ्या वार्षिक सोहळ्यात किताब ब्रायनच्या हाती गेला.

लोकांना धिप्पाड देहच आवडतो म्हणावं, तर ब्रायनची उंची कंपनीच्याच हिशेबाने पाच फूट दहा इंच. जिंकणारा आवडतो म्हणावं, तर २०१२ च्या रेसलमेनियात शेमसने त्याला १८ सेकंदांत लोळवलं होतं. तरी दुसऱ्या रात्री मायामीत त्याच्या ‘येस! येस!’चा गजर थांबता थांबेना. गंमत म्हणजे खलनायक असताना, स्वतःचीच टिमकी वाजवायला त्याने ही आरोळी काढली होती.

हरण्यातही कसब असतं. मार्च १९९७, शिकागोजवळचं रोझमाँट. नायक ब्रेट हार्टने खलनायक स्टीव्ह ऑस्टिनच्या पायांना ‘शार्पशूटर’चा पेच घातला. ऑस्टिनच्या कपाळातून रक्ताची धार दातांवर उतरली, तरी तो हार कबूल करेना. शुद्ध हरपली तेव्हा पंच केन शॅमरॉकने लढत थांबवली. त्यानंतरही हार्ट मारतच राहिला. ऑस्टिन मात्र कोणाचा आधार न घेता लंगडत निघाला आणि प्रेक्षकांनी त्याच्या नावाचा घोष सुरू केला. अशी वेदना पटवून देण्याला धंद्यात ‘सेलिंग’ म्हणतात. माझ्या मते उंच उड्यांपेक्षा तेच अवघड.

सज्जन पात्र हमखास चालतं, हाही भ्रमच. १९९६ साली हसतमुख रॉकी मायव्हियाला कंपनीने नायक म्हणून उतरवलं. काही महिन्यांतच प्रेक्षक ‘मर रॉकी, मर’ ओरडू लागले. पुढच्या वर्षी तो उर्मट खलनायक झाला, स्वतःला ‘द रॉक’ म्हणवत तिऱ्हाइतासारखा स्वतःबद्दल बोलू लागला. मग शिव्या घालणारेच त्याची वाक्यं त्याच्याबरोबर म्हणू लागले.