टाळेबंदीतले वायरमन

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे देशभर टाळेबंदी लागू झाली तेव्हा अत्यावश्यक ठरलेल्या सेवांमध्ये वीजपुरवठ्याचा समावेश होता. मात्र सिंधुदुर्गात या सेवेची खरी कसोटी १६ मे २०२१ रोजी लागली, कारण कोरोनाची साखळी तोडण्यासाठी राज्याने लावलेले 'ब्रेक द चेन'चे निर्बंध चालू असतानाच तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून उत्तरेकडे सरकले आणि मालवण, देवगड, वेंगुर्ले या तालुक्यांत माड, आंब्याची झाडे व विजेचे खांब आडवे झाले.

पुरवठा पूर्ववत करण्याला ठरलेला क्रम असतो: आधी ३३ केव्हीची वाहिनी व उपकेंद्र, मग गावोगाव जाणारी ११ केव्हीची उच्चदाब वाहिनी, त्यानंतर रोहित्र, म्हणजे विजेचा दाब घरगुती वापराजोगा उतरवणारे यंत्र, आणि शेवटी लघुदाब तार. त्यामुळे दूरच्या वाडीत खांब उभा राहिला तरी वरची वाहिनी सुरू होईपर्यंत तेथे दिवा लागत नाही, आणि या विलंबाचा दोष वायरमनच्या माथी मारणे अन्यायाचे ठरते. तारेत गुंतलेली झावळी कोयत्याने तोडण्यापूर्वीही पुरवठा बंद असल्याची खात्री करून वाहिनी जमिनीशी जोडावी, म्हणजे 'अर्थ' करावी लागते, कारण एखाद्या घरच्या जनरेटरमधून तारेत उलटा प्रवाह शिरू शकतो. खांब उभारणे हे मुळातच अनेक खांद्यांचे काम. तेथे सुरक्षित अंतर पाळणार तरी कसे?

घरीच उपचार घेणाऱ्या कोरोना रुग्णाचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून प्राणवायू वेगळा करणारे उपकरण, विजेवरच चालते. असे असूनही लसीकरणात प्राधान्य देणारा 'फ्रंटलाइन वर्कर'चा दर्जा मिळावा, यासाठी राज्यातील वीज कर्मचारी संघटनांना त्याच मे महिन्यात आग्रह धरावा लागला.