पंख फुटण्याआधीचे मदतनीस

खोपोलीच्या शिळफाट्याला एका अंगाने जुन्या मुंबई-पुणे रस्त्याचा धुरळा आणि दुसऱ्या अंगाने बोरघाटाची झाडी. त्यामुळे इथे दारापुढच्या चार हात जागेत किंवा गॅलरीतल्या कुंड्यांत कोण येऊन बसेल, याचा नेम नाही. बागेला उपयोगी पडणारे यातले बहुतेक कीटक दोन आयुष्यं जगतात, एक पंख फुटण्याआधीचं आणि एक नंतरचं. दोन्हींत तोंड वेगळं, खाणं वेगळं, घरही वेगळं. आपण जास्वंद लावून पंखवाल्याची सोय करतो आणि खरा कामाचा असतो तो बिनपंखी, त्यालाच चिरडून टाकतो.

चवळीच्या कोवळ्या शेंड्यावर मावा धरतो तिथून सुरुवात करू. माव्याची मादी बहुतेक वेळा नराची वाटच पाहत नाही. ती अंडी न घालता थेट पिल्लं देते आणि जन्मणाऱ्या लेकीच्या पोटात नातीची वाढ आधीच सुरू झालेली असते! एका ठिपक्याचे बघता बघता शंभर ठिपके कसे होतात, ते आता कळेल. मग त्याच पानामागे पिवळ्या, उभ्या अंड्यांचा पुंजका दिसू लागतो. तो ढालकिड्याचा. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला ढालकिडा सगळ्यांना आवडतो, पण अंड्यातून निघते ती राखाडी-काळी, नारिंगी ठिपक्यांची, खरबरीत अळी म्हणजे नखाएवढी सुसरच. बघणारा दचकतो आणि चप्पल उचलतो. कोष करण्याआधी तीच अळी शेकडो मावा फस्त करत असते.

या भुकेने एकदा अख्खा धंदा वाचवला आहे. 1880च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या संत्र्या-लिंबांच्या बागा ऑस्ट्रेलियातून आलेल्या एका खवलेकिडीने मरणपंथाला लावल्या होत्या. 1888 साली आल्बर्ट कोबेले नावाचा कीटकतज्ज्ञ ऑस्ट्रेलियात गेला आणि तिथून त्याने ढालकिड्याची एक जात बोटीने धाडली. वर्ष-दोन वर्षांत कीड आटोक्यात आली.

दुसरी मदतनीस सिरफिड माशी. अंगावर मधमाशीसारखे पिवळे-काळे पट्टे, पण नांगी नाही, नुसतं सोंग. ती हवेत एका जागी खिळल्यासारखी थांबते. मोठेपणी ती मध-पराग खाणारी शाकाहारी. तिची बिनपायाची, बिनडोळ्यांची अळी मात्र चाचपडत जाते आणि हाती लागेल तो मावा उचलून शोषते. आईचं तोंड आखूड, खोल फुलांतला मध तिला मिळत नाही. तिला कोथिंबीर, शेपू, बडीशेप यांची उथळ फुलं हवीत. म्हणून एका कुंडीतली कोथिंबीर खुडायची नाही, फुलावर येऊ द्यायची. (स्वयंपाकघरातून विरोध होईल. दोन कुंड्या लावाव्यात.) आणि मावा दिसला रे दिसला की निंबोळी अर्काची बाटली काढू नये, आठवडाभर दम धरावा. मावाच उरला नाही, तर अंडी कुणाच्या भरवशावर घालायची?

फुलपाखरांना मी मदतनीस म्हणणार नाही. ते मानाचे पाहुणे. 2015 साली महाराष्ट्राने ज्याला राज्य फुलपाखरू केलं, त्या काळ्या-निळ्या मखमली नीलवंताच्या अळ्या लिंबाच्या कुळातली पानं खातात. लहानपणी ही अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, त्यामुळे खायला कुणी धजत नाही. मोठी झाली की पानासारखी हिरवी होते. डिवचलं तर डोक्यामागून लाल दुशिंगी अवयव बाहेर काढते आणि घाण वास सोडते. लिंबाची काही पानं तिच्या नावाने सोडून द्यावीत.

वांग्याचं फूल जवळून पाहिलंय? त्याचे परागकोष मिठाच्या डबीसारखे, फक्त टोकाला छिद्र. साध्या मधमाशीला ते हलवता येत नाहीत. निळ्या पट्ट्यांची एकांडी माशी मात्र फुलाला बिलगते, पंख न हलवता उडण्याचे स्नायू थरथरवते आणि पराग भुरभुर खाली पडतो. ती गुणगुण कानाला ऐकू येते. ही माशी पोळं बांधत नाही, मातीत बीळ करते. सगळीकडे फरशी घातली की तिचं घर गेलं. कोपऱ्यात हातभर कोरडी, उघडी माती राहू द्यावी.

आणि काजवे. मे अखेरीस राजमाचीला ते बघायला गाड्यांची रांग लागते. दिसतं ते त्यांचं शेवटचं, थोड्या दिवसांचं आयुष्य. आधीचे कितीतरी महिने काजव्याची अळी ओल्या पालापाचोळ्यात हिंडत असते. अनेक जातींच्या अळ्या गोगलगाई मारतात. चावा घेऊन आधी भक्ष्याला लुळं करायचं, मग त्याचं मांस विरघळवून प्यायचं. पावसाळ्यात गोगलगाई कोवळी रोपं रातोरात साफ करतात, हे इथे कुणाला सांगायला नको. कुंपणाकडेचा पाचोळा जाळू नये, तिथेच कुजू द्यावा. नर-मादी एकमेकांना उजेडाच्या खुणेने शोधतात, तेव्हा मेच्या शेवटापासून जूनच्या मध्यापर्यंत मागच्या अंगणातला दिवा रात्री बंद ठेवलेला बरा. रस्त्यावरच्या ट्रकांचे दिवे आपल्या हातात नाहीत, हा आहे.