विश्लेषण : समुद्रावर उपग्रहांची नजर, किन्हवलीला त्याचे काय?

शहापूर तालुक्यातील किन्हवलीला समुद्र नाही. तरीही या परिसराचे समुद्राशी नाते जुने आहे. शहापूर-मुरबाडच्या भातशेतीवर पडणारा पाऊस अरबी समुद्रावरून येतो. काळू आणि भातसा नद्यांचे पाणी उल्हास नदीतून वसईच्या खाडीमार्गे पुन्हा त्याच समुद्राला मिळते. पावसाळ्याच्या बेगमीसाठी आठवडा बाजारातून घरी येणारे सुके बोंबील आणि सुकट हीसुद्धा किनाऱ्याचीच देणगी. त्यामुळे समुद्रावर उपग्रहातून ठेवली जाणारी नजर कोळीवाड्याइतकीच आतल्या गावांच्याही कामाची आहे.

उपग्रहाला समुद्रात काय दिसते?

उपग्रहाला मासे दिसत नाहीत. त्याला दिसतो तो पाण्याचा रंग, पृष्ठभागाचे तापमान, लाटांची उंची आणि वाऱ्याचा जोर. जिथे सूक्ष्म वनस्पती म्हणजे प्लवक जास्त, तिथे हरितद्रव्यामुळे पाण्याचा रंग बदलतो. प्लवक खायला लहान मासे येतात आणि त्यांच्यामागे मोठे मासे. गरम आणि थंड पाणी जिथे भिडते, त्या सीमेवरही खाद्य साचते. या दोन खुणा एकत्र वाचल्या, की मासळी कुठे मिळण्याची शक्यता जास्त याचा अंदाज बांधता येतो.

वारा मोजण्याची पद्धत वेगळी आहे. उपग्रह समुद्राकडे रेडिओलहरी सोडतो. वाऱ्याने पाणी जितके खडबडीत, तितक्या जास्त लहरी उपग्रहाकडे परततात. त्यावरून वाऱ्याचा वेग आणि दिशा कळते. या लहरी ढगांतूनही आरपार जातात. पाण्याचा रंग पाहणाऱ्या कॅमेऱ्याला मात्र ढग आडवे येतात.

भारताकडे कोणते उपग्रह आहेत?

समुद्रासाठीचा पहिला भारतीय उपग्रह ओशनसॅट-१ हा मे १९९९ मध्ये, तर ओशनसॅट-२ सप्टेंबर २००९ मध्ये सोडण्यात आला. फ्रान्सच्या सहकार्याने २०१३ मध्ये गेलेला सरल उपग्रह समुद्राच्या पातळीची उंची मोजण्यासाठी होता. २६ नोव्हेंबर २०२२ रोजी ओशनसॅट मालिकेतील तिसरा उपग्रह, ईओएस-०६, अवकाशात गेला. या माहितीच्या आधारे हैदराबादची भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र ही संस्था, म्हणजेच ‘इन्कॉइस’, मच्छीमारांसाठी सूचना काढते. कोणत्या बंदरापासून कोणत्या दिशेला, किती अंतरावर आणि किती खोल पाण्यात जाळे टाकावे, हे त्यात असते. ही माहिती मराठीतही मिळते.

फायदा कोणाला आणि किती?

मासळी शोधण्यात जाणारे तास वाचले, तर डिझेल वाचते. पण हा फायदा सर्वांना सारखा नाही. या सूचना प्रामुख्याने बांगडा, तारली, कुपा अशा वरच्या पाण्यात थव्याने फिरणाऱ्या माशांसाठी उपयोगी पडतात. बोंबील मिळतो तो डोल जाळ्यात. हे जाळे किनाऱ्यालगत ठरावीक जागी बांधलेले असते आणि भरती-ओहोटीच्या प्रवाहाने भरते. ते उचलून सूचनेतील जागी नेता येत नाही.

डोलकराच्या कामाचा आहे तो वाऱ्याचा, लाटांचा आणि पावसाचा अंदाज. उन्हात वाळत घातलेल्या बोंबलावर अवकाळी सरी पडल्या, तर माल कुजतो. नुकसान आधी कोळणीच्या पदरी पडते, मग भाव चढतो आणि त्याची झळ किन्हवलीच्या बाजारापर्यंत पोहोचते.

चक्रीवादळ आणि अतिवृष्टीशी संबंध काय?

चक्रीवादळाला बळ मिळते ते तापलेल्या समुद्रातून. साधारण २६ अंश सेल्सिअसहून अधिक तापमानाचे पाणी त्याला पोषक ठरते. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. पुढच्याच वर्षी मे महिन्यात ‘तौक्ते’ कोकण किनाऱ्याजवळून गुजरातकडे गेले. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, १९८२ ते २००० या काळाच्या तुलनेत २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातील चक्रीवादळे ५२ टक्क्यांनी वाढली.

याच संस्थेतील शास्त्रज्ञांच्या २०१७ च्या अभ्यासात मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्याचे आढळले. त्यासाठी लागणारी बाष्पाची रसद अरबी समुद्रावरून येते. म्हणजे समुद्राच्या तापमानाचा नकाशा हा भाताच्या खाचरात उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्याही कामाचा कागद आहे.

इशारा होडीपर्यंत पोहोचतो का?

खरी अडचण इथेच होती. किनाऱ्यापासून १०-१२ किलोमीटरपुढे मोबाइलला रेंज मिळत नाही. २०१७ च्या ‘ओखी’ वादळात खोल समुद्रात असलेल्या अनेक मच्छीमारांपर्यंत इशारा पोहोचलाच नाही. त्यानंतर ऑक्टोबर २०१९ मध्ये उपग्रहाद्वारे संदेश पोहोचवणारे ‘जेमिनी’ हे उपकरण आले. त्यावर संदेश मिळत होता, पण होडीतून उत्तर देता येत नव्हते. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते दुहेरी संपर्काच्या योजनेची सुरुवात झाली. देशभरातील एक लाख होड्यांवर ‘इस्रो’ने विकसित केलेले ट्रान्सपाँडर बसवण्याची ही सुमारे ३६० कोटी रुपयांची योजना आहे. त्यामुळे संकटातील होडीला मदत मागता येते.

मर्यादा कोणत्या?

मासळीची सूचना ही हमी नसते, शक्यता असते. आकाश ढगाळ असेल तर ती मिळत नाही. एकाच जागी अनेक ट्रॉलर धावले, तर तिथली मासळी लवकर संपण्याचा धोका असतो. म्हणूनच १ जून ते ३१ जुलै ही मासेमारी बंदी पाळणे आणि लहान मासळी सोडून देणे याला उपग्रह पर्याय ठरत नाही. समुद्रात मासळी कुठे आहे, याचा अंदाज उपग्रह देतो. ती तिथे शिल्लक राहावी, याची जबाबदारी मात्र माणसांचीच आहे.